लूव्रच्या छतावरचे चार ऋतू

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या अपोलो दालनात येणारा जवळजवळ प्रत्येक जण मान खाली घालून चालायचा, याचा मला मनापासून राग यायचा. खाली काचपेट्यांत फ्रेंच राजघराण्याचे दागिने असायचे, म्हणून सगळी झुंबड तिथे. आणि डोक्यावर सुमारे पंधरा मीटर उंचीवर अख्खं वर्ष रंगवलेलं आहे, तिकडे कुणी बघायचं नाही. (19 ऑक्टोबर 2025 ला इथूनच दागिने चोरीला गेले आणि दालन बंद झालं. जाण्याआधी ते उघडं आहे का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मंगळवारी तर सगळं लूव्रच बंद असतं.)

1661 मध्ये इथलं जुनं दालन जळालं, तेव्हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी चित्रकार शार्ल ल ब्रंने नवा बेत आखला. सूर्य म्हणजे अपोलो, अपोलो म्हणजे राजा. प्रहर, महिने, ऋतू सगळे त्याच्याभोवती. मग राजाचा जीव पॅरिसबाहेरच्या व्हर्साय राजवाड्यात गुंतला आणि छत अर्धवट राहिलं. ऋतूंची चित्रं आली ती शंभरेक वर्षांनी. चित्रकारांच्या शाही अकादमीचं सदस्यत्व हवं असेल तर स्वतःचं एक चित्र द्यावं लागे. चार चित्रकारांनी आपापला ऋतू त्यासाठीच काढला. मधला अपोलो तर देलाक्र्वा या चित्रकाराचा, 1851 चा.

ओळखायला सुरुवात शरदापासून करा. ताराव्हालचा मद्यदेव बॅकस (1769) द्राक्षवेलींमुळे लपत नाही. दुरामोच्या ग्रीष्मात (1774) धान्यदेवता सेरेस आणि तिच्या सख्या सूर्याची आळवणी करतात. कालेच्या वसंतात (1780) वाऱ्याचा देव झेफिर आणि फुलांची देवी फ्लोरा मिळून पृथ्वीमाता सिबेलीला फुलांनी सजवतात. इथे बरेच जण चुकतात: फुलं दिसली की मधली बाई फ्लोराच असणार असं धरतात.

मला सर्वांत आवडतो तो लाग्रने धाकट्याचा हिवाळा (1775). बाकी तिघांना पिकाचा किंवा फुलांचा देव आयता मिळतो, हिवाळ्याला देण्यासारखं काहीच नाही. म्हणून त्याने इओलस घेतला, वाऱ्यांना मोकळं सोडणारा. ते वारे डोंगरांवर बर्फ पसरतात. या छतावर खरी हालचाल आहे ती इथेच. व्हर्सायच्या बागेत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे: फ्लोरा, सेरेस, बॅकस यांच्या कारंज्यांच्या जोडीला हिवाळा म्हणून पंखवाला म्हातारा सॅटर्न.

खिडक्या पूर्वेला आहेत, तेव्हा सकाळी या. छोटी दुर्बीण आणाच. फोनने फोटो काढताना सोनेरी नक्षीमुळे कॅमेरा फसतो. कधी नक्षी पांढरी फटक होते, कधी चित्र काळं पडतं. चित्रावर बोट ठेवून फोकस धरा आणि उजेड थोडा कमी करा. भिंतीला पाठ टेकून बघितलंत तर मानही दुखत नाही आणि धक्केही बसत नाहीत.

मग रिशल्यू विभागात दुसऱ्या मजल्यावर जा. फ्रेंच चित्रकार पुसँने 1660 ते 1664 या काळात रोममध्ये रंगवलेले चार ऋतू तिथे एकत्र आहेत, प्रत्येक 118 बाय 160 सेंटीमीटर. तोवर त्याचा हात थरथरू लागला होता; जवळून पाहिलं तर पानांवरचे फटकारे तुटक दिसतात. वरवर विषय बायबलचे, पण जाणकारांना त्यांत तेच जुने देव दिसतात: कणसांच्या शेतात रूथ, तिच्यामागे सेरेस, काठीवर लटकवलेला द्राक्षांचा अजस्र घोस, त्यात बॅकस. ग्रीष्मातल्या शेतात घोडे धान्य तुडवताहेत, आपल्या खळ्यावर बैल फिरायचे तसेच.

सहा ऋतू मोजायची सवय असलेली मराठी नजर या सगळ्यांत पाऊस शोधते. तो सापडतो पुसँच्या हिवाळ्यात, जलप्रलय होऊन. राखाडी आभाळ, विजेची रेघ, खडकावर साप, कलंडणारी नाव आणि तान्ह्याला वर उचलून देणारी आई. छतावरच्या चारही देवांपेक्षा मला हे एक चित्र मोठं वाटतं, कारण यात राजाची खुशामत करायला जागाच उरलेली नाही.