लाल लाईट लागते पण टीव्ही सुरू होत नाही? बोर्ड बदलायच्या आधी हे बघा

टीव्ही बहुतेक वेळा एकदम बंद पडत नाही, आधी त्रास द्यायला लागतो. रिमोट दाबला की लाल लाईट लुकलुकते, आतून रिलेचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) टक् टक् आवाज येतो आणि परत सगळं शांत. मग बऱ्याच वेळा प्रयत्न केल्यावर चालू होतो आणि एकदा चालू झाला की रात्री झोपेपर्यंत मस्त चालतो. आमच्या एलसीडी टीव्हीचं हेच चाललं होतं. बघायला आलेल्या मेकॅनिकने मागचं कव्हरही न उघडता सांगून टाकलं की पॉवर सप्लायचा बोर्ड गेलाय, अख्खा बदलावा लागेल. मला ते काही पटेना, कारण बोर्ड खरंच गेला असेल तर तो थोडा वेळ लाईनवर राहिल्यावर चालू कसा होतो?

खरं तर या एका लक्षणातच अर्धं उत्तर आहे. पॉवर सप्लायमध्ये जे उभे डब्यासारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात त्यांच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. सुकला की कपॅसिटरचा आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. थंड असताना तो सगळ्यात जास्त असतो आणि कपॅसिटर जरा तापला की कमी होतो, म्हणून टीव्ही सकाळी नाटकं करतो आणि तापल्यावर नीट चालतो. कव्हर काढून, प्लग काढलेला असताना संशय असलेल्या कपॅसिटरवर हेअर ड्रायरने थोडी गरम हवा मारायची आणि मग चालू करून बघायचं, पहिल्या झटक्यात चालू झाला तर चोर सापडला असं समजा.

पण कव्हर काढायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा, हे मी मनापासून सांगतोय. प्लग काढला म्हणजे बोर्डमधली वीज गेली असं अजिबात नाही. मेन लाईनच्या बाजूला जो सगळ्यात मोठा कपॅसिटर असतो (४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला) त्यावर २३० व्होल्टच्या लाईनमध्ये साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो, काही बोर्डांवर तर ३८० ते ४०० पर्यंत जातो, आणि प्लग काढल्यावरही तो तिथे बसून राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट आहे, ठिणगी उडते, ट्रॅक जळतो आणि हात दचकून भलतीकडे लागतो. ५ वॉटचा २ ते १० किलोओमच्या मधला रेझिस्टर घ्या, त्याच्या तारांना इन्सुलेशन चढवा, काही सेकंद दोन्ही पिनांना धरा आणि मग मल्टीमीटर लावून १० व्होल्टच्या खाली आलाय का ते बघा. मीटरने बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही. आणि जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असेल तर घरी उघडूच नका, तिथे २० हजार व्होल्टच्या वरचा मामला असतो.

बोर्ड नीट बघितलात तर त्यावर जाड रेघ छापलेली दिसते. एका बाजूला मेनचा भाग, दुसऱ्या बाजूला टीव्हीला जाणारे कमी व्होल्टेज, आणि दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि चार पायांचा छोटा ऑप्टोकपलर (तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग). आपलं बहुतेक काम कमी व्होल्टेजच्या बाजूला आहे. मीटरची काळी पिनही त्याच बाजूच्या ग्राउंडला लावायची, पलीकडच्या नाही, नाहीतर रीडिंग चुकीचं येतं.

आता मोजायचं काय, तर स्टँडबायचे, म्हणजे प्लग लावलेला पण टीव्ही रिमोटने बंद असतानाचे, ५ व्होल्ट. काही बोर्डांवर ते ३.३ किंवा १२ असतात, कनेक्टरजवळ लिहिलेलं असतं. माझ्याकडे टीव्ही बंद असताना मीटर अगदी बरोबर ५ दाखवत होता आणि रिमोट दाबला की चारच्या खाली येऊन परत वर. इथेच लोक फसतात, लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, नसताना रीडिंग बरोबर आलं म्हणून सप्लाय ठीक आहे असं धरून मेन बोर्डच्या मागे लागतात. व्होल्टेज लोडवर खाली बसला की प्रोसेसर रीसेट होतो, रिले सुटतो, परत प्रयत्न, परत टक्. आवाज येतो तो त्याचाच.

डोळ्यांनी बघा, वरचं झाकण सपाट हवं. किंचितही फुगलेलं असेल, खाचेतून तपकिरी काहीतरी बाहेर आलं असेल तर तो गेला. पण सपाट आहे म्हणून चांगला असंही नाही. माझ्या बोर्डवर हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून उभे असलेले दोन १००० मायक्रोफॅरडचे होते, एक फुगलेला आणि शेजारचा दिसायला एकदम नवीन, पण ईएसआर मीटरवर दोन्ही खराब निघाले. साध्या मीटरवर कपॅसिटन्स (मायक्रोफॅरडचा आकडा) मात्र दुसऱ्याची ठीकच येत होती.

हीट सिंकजवळचेच का जातात त्याचं गणित सोपं आहे. १०५ अंशाला २००० तास असं रेटिंग असेल तर ढोबळमानाने दर १० अंश कमी केले की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ७५ अंशाला १६,००० तास आणि ५५ ला ६४,०००. आणि स्टँडबायचा भाग तर प्लग लावलेला असेपर्यंत चोवीस तास चालू असतो. कारखान्यात तिथेच तो कपॅसिटर बसवला याचा मला खरंच राग येतो, दोन बोटं बाजूला सरकवला असता तर कितीतरी जास्त टिकला असता.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, १०५ अंशाचा आणि लो ईएसआरचाच घ्या. १० व्होल्टच्या जागी १६ चालतो पण उंची आणि जाडी आधी बघा, कव्हरला टेकता कामा नये. उणेची पट्टी उलटी बसली तर फुटतो. आणि एक गेला असेल तर त्याच रांगेतले सगळे बदला. जुना काढताना सोल्डरचा डाग आधी ताजं शिसं (सोल्डर) लावून पातळ करून घ्या, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा, नाहीतर पॅड, म्हणजे पिनेखालची तांब्याची चकती, उखडतं.

फ्यूज उडालेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नुसता फ्यूज बदलून प्लग लावू नका, ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) किंवा मॉसफेट (सप्लाय चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असायची शक्यता दाट असते. ते मोजून, बदलून झालं की पहिल्यांदा चालू करताना मेन लाईनच्या सिरीजमध्ये (एका तारेच्या मध्ये) १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब टाका (एलईडी चालत नाही), एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. मॉसफेट फुटताना बऱ्याचदा त्याला चालवणारा आयसी (चिप) आणि आजूबाजूचे रेझिस्टर पण घेऊन जातो, तसं झालं असेल तर मी स्वतः सरळ बोर्ड बदलेन.

आवाज येतोय पण चित्र नाही, तर अंधारात टॉर्च तिरकी मारून बघा. आत पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनेल ठीक आहे, बॅकलाईट (पडद्यामागची लाईट) लागत नाहीये, मग बॅकलाईटला जाणारा व्होल्टेज मोजा आणि तो बरोबर असेल तर एलईडी पट्ट्यांकडे वळा.