टिकाऊ टोमॅटोची निवड : इंदूरच्या गच्चीवरून, दुसरी पिढी

गणपतीनंतर पेरलेली रोपं दसऱ्याच्या सुमारास कुंड्यांत गेली आणि पौषात फळं रंगावर आली. बी धरलं होतं चोइथराम मंडीतून आणलेल्या, लांब टिकणाऱ्या एका संकरित टोमॅटोचं. अशा संकरितांत बऱ्याचदा 'रिन' या बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते, म्हणून फळ सावकाश पिकतं. पुढच्या पिढीत ती वाटली जाते: साधारण पाव झाडं नेहमीसारखी लाल, निम्मी मधली, म्हणजे सावकाश पिकणारी, आणि उरलेल्या पाव झाडांत दोन्ही प्रती बदललेल्या. त्यांची फळं लिंबासारखी पिवळी होऊन थांबतात, आढीत घातली तरी लाल होत नाहीत.

ही झाडं कळीतच ओळखू येतात. रिनमधला बदल शेजारच्या, निदलांचा (फुलाखालच्या हिरव्या पात्यांचा) आकार ठरवणाऱ्या जनुकालाही बाधतो. त्यामुळे देठाजवळची हिरवी चांदणी चांगलीच मोठी होते, टोकं पाकळ्यांच्याही पुढे जातात. माझ्याकडे पिवळी राहिलेली झाडं नेमकी हीच निघाली. फार आनंद झाला!

मधली झाडं व्यापाऱ्याला सोयीची, पण आपल्यासारख्या बी धरणाऱ्यांना नाहीत, कारण दर पिढीत त्यांची रोपं पुन्हा लाल, मधली, पिवळी अशी वेगवेगळी निघणारच. शिवाय रंग आणि वास थोडा उणाच पडतो. म्हणून मी निवड लाल होणाऱ्यांतून केली. त्यांच्यातही गर किती जाड, साल किती चिवट, देठ तुटल्यावर फळावर राहणारा व्रण केवढा, यांत खूप फरक असतो, आणि हे गुण निवडीने पक्के करता येतात.

व्रणाकडे विशेष लक्ष द्या. टोमॅटोच्या सालीला श्वासरंध्रं नसतात, पाणी मुख्यतः व्रणातूनच उडतं. एकाच झाडाची, नुकता रंग धरलेली फळं तोडून निम्म्यांच्या व्रणावर मेणबत्तीचं मेण टेकवलं आणि सगळी टोपलीत, सावलीत ठेवली. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. मेण लावलेली टणक राहिली, बाकीची देठापासून सुरकुतत गेली. तेव्हापासून बारीक व्रणाचं झाड दिसलं की आधी त्याला खुणेचा दोरा बांधतो. फळं फ्रिजमध्ये ठेवत नाही. थंडीने वास मरतो, मग चवीचा निवाडा कसा करायचा?

तो निवाडा सारावर होतो. सर्वांत जास्त टिकलेल्या झाडाचं सार आईला सपक लागलं, आणि तिचं बरोबर आहे. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, ठीक आहे, आंबटपणा कमी पडतो.

त्यामुळे आता त्याच झाडाला मादी धरून आंबट, कंगोरेदार देशी टोमॅटोशी संकर चालू आहे. संध्याकाळी, पाकळ्या अजून फिक्या असतानाच, चिमट्याने पुंकेसरांची नळी अलगद काढायची. सकाळी देशी फुलाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून दोन निदलं कापायची. काही फळं धरली आहेत. चैत्राचं ऊन तापायच्या आत ती पिकायला हवीत.