चकचकीत टाकीतले चार गोल्डफिश

लोकमान्य नगरातून फोन आला तो दिवाळीच्या तोंडावर. "ताई, मासे वर येऊन नुसती तोंडाची उघडझाप करतायत, लवकर या." इंदुरात घरोघरी जाऊन माशांच्या टाक्या सांभाळणं हे माझं काम. सणासुदीला असे फोन येतातच, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज वाटेतच आला होता. तरी टाकी बघून चमकले. काच लखलखीत, खडे पांढरेशुभ्र, फिल्टरचा स्पंज कोरा करकरीत. आणि चारही गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, ओरँडा जातीच्या गोल्डफिशच्या शेपटीत लाल रेषा उतरल्या होत्या.

घरच्यांनी हवा कमी पडते असं समजून दुसरा एअर पंप लावला होता. दुकानातून निळ्या औषधाची बाटलीही आणली होती. ती आधी बाजूला ठेवायला लावली. त्या औषधाने फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही मरतात, शिवाय पाणी निळं झालं की तपासणीचा रंग कळत नाही.

"आजी, टाकी कधी धुतली?"

"अगं, रविवारी नळ आला ना, तेव्हाच. सगळी रिकामी केली. खडे उकळत्या पाण्यातून काढले. आणि तो स्पंज! काय घाण होती गं त्यात. स्वच्छ पाणी निघेपर्यंत नळाखाली पिळला."

2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिलं आलेल्या शहरातली माणसं आपण. स्पंजातली घाण काढली यात त्यांना वावगं काय वाटणार? पण ती घाण म्हणजेच त्या टाकीचा जीव होता.

परीक्षानळीत पाणी घेतलं, अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. इथे बघता बघता गडद हिरवा झाला. पीएच 8 च्या वर. पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो, म्हणून आपल्याकडच्या जड पाण्यात जास्तच सांभाळावं लागतं.

गोल्डफिश खातो भरपूर, आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सतत सोडत असतो. स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि त्या उकळत्या पाण्याने हे जिवाणू एका दुपारीत गेले. मासे मात्र तेवढेच खात राहिले. सफाईनंतर दोन दिवस सगळं ठीक दिसतं आणि मग मासे वर येतात, ते यामुळे.

निम्मं पाणी काढलं. नवं पाणी अँटी-क्लोरीन घालून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून, हळूहळू भरलं. खाणं बंद. मग माझ्या घरच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज पिशवीतून काढला आणि त्यांच्या फिल्टरवर पिळला. चहासारखं तपकिरी पाणी त्या स्वच्छ टाकीत पसरलं तशा आजी खुर्चीतून उठल्याच. "अगं, हे काय करतेस!" मी त्यांचा हात धरून समजावलं की हेच औषध आहे. स्पंजाचा एक तुकडा फिल्टरमध्येच ठेवून दिला. ज्या टाकीची खात्री नाही तिथला स्पंज असा कधीच वापरू नये. त्यातून रोगही येतात.

ओरँडा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. नातीने फोन केला तेव्हा तिला बोलवत नव्हतं, आणि मलाही फार लागलं. नीट सांभाळला तर हा मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो.

बाकीचे तीन तगले. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलणं चालू होतं. पुढे नायट्राइट चढलं, तेव्हा लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ घातलं. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी जातं. दोन्ही चाचण्या शून्यावर आल्यावरच खाणं पूर्ववत केलं.

आता दर रविवारी नात पाव टाकी पाणी बदलते, आणि स्पंज धुवायची वेळ आली तर काढलेल्या त्याच पाण्यात बादलीत हलकेच खळबळते. टाकी मात्र अजून दोन फुटीच आहे. तीन गोल्डफिशना ती पुरणार नाही हे मी स्पष्ट सांगितलंय. चार फुटी टाकीसाठी बैठकीतला शोकेस हलवावा लागेल, त्याला आजी तयार नाहीत. पुढच्या फेरीत पुन्हा विषय काढणार आहे.