क्लबच्या टेबलावरचे पहिले सत्र

हिंजवडीत साडेचार वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर मी कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देण्याच्या क्षेत्रात, शिरण्यासाठी एमबीएला गेलो, तेव्हा तिथले विद्यार्थ्यांचे क्लब म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, अशी माझी समजूत होती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात क्षेत्र बदलण्याची खरी संधी पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये असते आणि अनेक संस्थांत तिच्या मुलाखती दिवाळीच्या आसपासच उरकतात. म्हणजे स्ट्रॅटेजीचा विषय वर्गात धड सुरू होण्याआधीच तो आपल्याला यावा लागतो. ही उणीव कन्सल्टिंग क्लबचे सीनियर भरून काढत. दादर स्थानकाबाहेर दिवसाला किती वडापाव खपत असतील, याचा अंदाज, कन्सल्टिंगच्या मुलाखतीत विचारतात तसा, ते रात्री अकराला मेसच्या टेबलावर मांडायला लावत. मी थेट आकडा सांगितला, की कागद उलटा करून ‘गाड्या किती, तास किती, तासाला गिऱ्हाइके किती, ते आधी लिही’ म्हणत.

क्लबच्या समितीत शिरण्यासाठी मी केलेली धडपड मात्र बरीचशी वायाच गेली. मुलाखतीत त्या पदाबद्दल कोणी विचारलेच नाही. विचारले ते टेस्टिंगमधल्या सॉफ्टवेअरच्या एका फसलेल्या रिलीजबद्दल (नव्या आवृत्तीबद्दल), आणि त्यावर मी जवळजवळ वीस मिनिटे बोललो.