अ‍ॅम्प बदलण्याआधी मल्टिमीटर बाहेर काढा

गाडीत वूफर आहे, बेसचा ठोका पडला की त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प बंद, दोन सेकंदांनी परत सुरू. अशी गाडी दुकानात नेली की ‘अ‍ॅम्प गेला’ हे निदान तयारच असतं. बहुतेक वेळा अ‍ॅम्प ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत वीज नीट पोहोचत नसते.

आणि हे नुसता मीटर लावून कळत नाही. गाणं बंद असताना अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर 12.6 व्होल्ट दिसणारच, कारण तेव्हा करंट जवळपास नसतोच. 300 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या खऱ्या ताकदीचा), क्लास-डी म्हणजे वीज कमी वाया घालवणारा अ‍ॅम्प पूर्ण जोरात 27 अँपिअरच्या आसपास खेचतो. वायर, फ्यूज होल्डर आणि ग्राउंड (गाडीच्या पत्र्यातून जाणारी मायनसची वाट) मिळून रोध फक्त 0.05 ओहम असला, तरी 1.3 व्होल्ट वाटेतच जिरतात. म्हणून इंजिन चालू ठेवा, 50 हर्ट्झचा टोन लावा आणि आवाज नेहमीइतका वाढवून मोजा. आधी बॅटरीवर, मग डिक्कीत अ‍ॅम्पच्या प्लस आणि ग्राउंडवर. बॅटरीवर 13.8 ते 14.4 असायला हवेत. अ‍ॅम्पवर त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी भरले, तर दोष वाटेत आहे. टोन सलग वाजवत ठेवू नका, वूफरची कॉइल तापते; दहा सेकंद पुरे.

दोष कुठल्या बाजूला, हे एका लांब वायरने कळतं. वायर बॅटरीच्या मायनसला जोडून डिक्कीत आणा आणि तिच्यात व अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलमध्ये, टोन चालू असतानाच, डीसी व्होल्ट बघा. 0.2 च्या वर गेले तर ग्राउंड खराब. सीटबेल्टचा बोल्ट ही ग्राउंडची जागा नव्हे. जाड पत्र्यावर नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा, वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बोल्ट आणि स्टार वॉशरने आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणात, किनारपट्टीच्या हवेत, हा शेवटचा टप्पा गाळला तर पत्रा गंजतो आणि दुखणं परत येतं. ही ग्राउंडची वायर दीड फुटापेक्षा लांब नको.

प्लसच्या बाजूला पहिला संशयित म्हणजे स्वस्त वायरिंग किट. जाडजूड आवरणाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, आणि त्याचा रोध तेवढ्याच तांब्याच्या साधारण दीडपट. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाली तर समजा. 300 वॉटला 8 गेजची खऱ्या तांब्याची, म्हणजे साधारण 8 चौरस मिलिमीटरची वायर चालते; त्याहून जास्त वॉटला 4 गेज घ्या, गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो. तो वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

खोक्यावरच्या ‘2000 वॉट’कडे बघूच नका. अ‍ॅम्पवर 20 अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर आत जाणारी वीजच 276 वॉट.

अ‍ॅम्पने स्वतःला वाचवायला काम थांबवलं की प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो; तो कधी लागतो, त्यावरून बरंच कळतं. अर्ध्या तासाने लागून गार झाल्यावर जात असेल, तर अ‍ॅम्प तापतोय: कार्पेटखाली दाबलाय किंवा वूफरचे ओहम (रोध) कमी पडतायत. दोन 4 ओहम कॉइलचा वूफर समांतर जोडला की 2 ओहम होतो, आणि ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच वूफर चालवणाऱ्या, दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पला बहुधा किमान 4 लागतात. दिवा चालू करताक्षणीच लागत असेल, तर स्टिरिओ बंद करून वूफरच्या वायर काढा, मग परत चालू करा. दिवा गेला तर वायर किंवा कॉइल शॉर्ट आहे. 4 ओहमची चांगली कॉइल मीटरवर 3.2 ते 3.8 दाखवते, दीड दाखवली तर जळालीय, काहीच नाही दाखवलं तर तुटलीय. कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून बघा, खरखर लागली तर कॉइल घासतेय.

अ‍ॅम्प अजिबातच चालू होत नसेल, तर रिमोटच्या वायरवर (स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू करणारी) 12 व्होल्ट आहेत का बघा. ही निळी-पांढरी पट्ट्यांची वायर. काही वायरिंगवाले नुसती निळी, म्हणजे अँटेनाची, जोडतात. मग काही स्टिरिओंमध्ये रेडिओवर बेस वाजतो आणि यूएसबीवर गायब होतो.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी गुंई बहुधा दरवाज्यातल्या स्पीकरमधून येते. वूफरचा फिल्टर ती कापतो. स्पीकरच्या अ‍ॅम्पचे आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या केबल) काढल्यावर ती थांबली, तर ग्राउंडचा फरक सिग्नलमधून शिरतोय. सिग्नलच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावून गुंई जाते, पण स्वस्त आयसोलेटर बेसही खातो. आधी ग्राउंड दुरुस्त करा.

वूफर, आरसीए सगळं काढून फक्त प्लस, ग्राउंड आणि रिमोट ठेवल्यावरही प्रोटेक्ट किंवा फ्यूज उडणं कायम असेल, तेव्हाच अ‍ॅम्प उघडायचा. आत बहुतेकदा पॉवर सप्लायचे किंवा आउटपुटचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले सापडतात. दुरुस्तीवाल्याला सांगा, एकच मॉस्फेट नको, त्या रांगेतले सगळे एकाच नंबरचे बदल आणि गेटचे (मॉस्फेटच्या नियंत्रणाच्या पायाचे) रेझिस्टरही तपास. एकच बदलला की उरलेले थोड्याच दिवसांत त्यालाही घेऊन जातात.