मेन स्विच पाडला, तरी पत्र्यात करंट

सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे. गेल्या पावसाळ्यात परसातल्या तारेवर ओली चादर टाकताना आई म्हणाली, "अरे, तारेला हात लागला की मुंग्या येतात." मी मेन स्विच पाडला आणि तारेला टेस्टर लावला, तर त्याचा दिवा तसाच लागलेला. ओल्या फरशीवर आपण अनवाणी उभे आहोत, हे ध्यानात यायला मात्र थोडा वेळ लागला.

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पडवीच्या पत्र्याला घासत होती. वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या कडेपाशी तिचे काळे आवरण सोलले गेले होते आणि आत नखाएवढे ॲल्युमिनियम चकाकत होते. कपड्यांची तार त्याच पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला बांधलेली होती, आणि ती बांधणारा मीच.

मेन स्विच, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) हे सगळे मीटरनंतर येते. खांबापासून मीटरपर्यंतची वायर आपण घरातले काहीही बंद केले तरी चालूच राहते. आम्ही हौसेने 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवली होती. पण तिच्यातून घरात जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला तरच ती पडते, त्यामुळे बाहेर पत्र्यावर होणारी गळती तिला कळणे शक्यच नव्हते. खांबावरचा फ्यूजही उडाला नाही, कारण विटांच्या भिंतीतून जमिनीत जाणारा प्रवाह फ्यूज वितळवायला फार कमी असतो. माणसाचा जीव घ्यायला तेवढा पुरतो. टेस्टरवरही फार विसंबू नये, कारण कोरड्या स्टुलावर उभे राहून लावला तर करंट असूनही दिवा लागेलच असे नाही.

सगळ्यांना परसातून आत घेऊन वीज तक्रारीच्या 1912 वर फोन केला. वायरमनने खांबावरून पुरवठा तोडला, मगच पत्र्याला हात लावला. मी चिकटपट्टी पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, "ही उन्हात सुटते, साहेब. वायरच बदला." नवी वायर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेच्या आधाराने पत्र्यापासून उंच ओढली, भिंतीपाशी पाइपातून आत घेतली आणि पावसाचे पाणी वायरवरून मीटरमध्ये न उतरता खाली ठिबकावे म्हणून पाइपाच्या तोंडाशी तिला खाली झोल दिला.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हाही मेन स्विच पाडून निर्धास्त झालेली घरे होती. पाणी मीटरपर्यंत चढले की मीटरला येणारी टोकेच बुडतात, आणि त्यांचा पुरवठा खांबावरून किंवा ट्रान्सफॉर्मरवरूनच बंद करावा लागतो.

आता परसात नायलॉनची दोरी आहे. परवा गच्चीवरून पाहिले, तर गल्लीतल्या आणखी दोन घरांच्या वायरी पत्र्याला टेकलेल्या दिसल्या. त्यांपैकी एकीवर काकूंनी कारल्याचा वेल चढवला आहे.