खळ्यावरचा दीड टक्का

पाखाइस घाट ओलांडला आणि गाडी सेविलाच्या पायवाटेपाशी थांबवली. खडकांच्या कपारीत सान या इथल्या मूळ लोकांनी गेरूने रंगवलेली माणसं आणि जनावरं आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या याच सीडरबर्ग डोंगरांच्या आसपास रॉयबॉसचं झुडूप उगवतं. त्याच्या पाल्याचा चहा करायचं ज्ञान सान आणि खोई या दोन मूळ जमातींचं. धंदा मात्र इतरांनी केला.

दुसऱ्या दिवशी क्लॅनविल्यमजवळच्या एका मळ्यात कापणी पाहिली. विळ्याने कापलेल्या पेंढ्या बारीक चिरतात, पाणी मारून लांबच लांब ढीग घालतात. रात्रभर ढीग आतून तापतात, हिरवा पाला तांबडा होतो, मग तो उन्हात पसरायचा. मधासारखा वास अंगणभर! मला थेट आमचं खळंच आठवलं. धान्य घरी जाण्याआधी बलुतेदारांचा वाटा तिथेच मोजला जायचा, असं आजी सांगायची. त्यातली जातीची उतरंड परत नकोच. पण पीक हलण्याआधी वाटा काढायची रीत इथे दिसली.

या वाट्यासाठी सान आणि खोईंना भांडावं लागलं. 2010 मध्ये सान कौन्सिलने आपला हक्क सरकारपुढे मांडला, पुढे खोई-सान कौन्सिलही सोबत आली. नऊ वर्षांनी, 2019 च्या नोव्हेंबरात करार जाहीर झाला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाच्या दीड टक्का रक्कम प्रक्रिया करणाऱ्या कंपन्या भरतात. 2022 मध्ये पहिले 1 कोटी 22 लाख रँड (तिकडचं चलन) आले. ते सान आणि खोईंच्या दोन ट्रस्टमध्ये निम्मे-निम्मे वाटले गेले. कंपनीने वर्षाअखेरी मर्जीने शाळेला बाकं देण्यापेक्षा मला हे फार मोठं वाटतं. मर्जी फिरली तरी हा पैसा थांबत नाही.

तरीही रॉयबॉसची बहुतांश जमीन आजही गोऱ्या शेतकऱ्यांकडे आहे. दीड टक्क्याने ते दुखणं बरं होणार नाही.

संध्याकाळी वूपरटालला पोचलो. 2018 च्या आगीत होरपळलेलं हे जुनं मिशन गाव. एका टानीने, म्हणजे तिकडच्या मावशीने, बिनदुधाचा चहा पुढे केला.

"हा डोंगरातला, रानचा," ती म्हणाली. "पेरलेला नाही."

"कापता कधी?"

"उन्हाळ्यात. पण एक वर्ष कापलं की पुढचं वर्ष त्या झुडपाला हात लावायचा नाही. आईने तसंच शिकवलंय."

मी दुसरा कप मागितला.